तीन मुलांमुळे शाळा बुडत नाही

पत्र:

"माझी मुलगी सरकारी शाळेत पाचवीत आहे. दरवर्षी सगळ्या शाळांमध्ये एकाच वेळी प्रमाणित चाचणी होते आणि शाळांचे निकाल जाहीर होतात. गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या पाचवीतली ६८ टक्के मुलं 'अपेक्षित पातळी'वर होती, यंदा ५४ टक्केच. (गेल्या वर्षी २५ पैकी १७, यंदा २६ पैकी १४. यंदा चाचणी नवीन आहे म्हणे.) मुलीचाही पर्सेंटाइल चौथीत ७१ होता, तो आता ६२ आहे. निकाल लागल्यापासून दोन घरांनी मुलं काढून घेतली. माझे यजमान म्हणतात, शाळा बुडाली, आपणही काढू. शाळेने वाचनालयाचे दोन्ही तास आणि प्रयोगाचा तास बंद करून सरावपत्रिका सुरू केल्या आहेत, आणि 'थोडक्यात हुकलेल्या' आठ मुलांसाठी जादा वर्ग लावला आहे. माझी मुलगी त्या आठांत नाही. ती शाळेत आनंदाने जायची, आता सकाळी पोट दुखतं म्हणते. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे. शाळा बदलू का? सभेत काय बोलू?"

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची दोन वाक्यं तुम्ही कंसात टाकली आहेत. त्यांच्याकडे येतेच. पण तुमचा जीव टांगणीला लागलेला दिसतोय, म्हणून उत्तर आधी देऊन टाकते: या आकड्यांवरून मुलीची शाळा बदलू नका. शाळा बदलण्याची वेळ कधी येतच नाही, असं माझं म्हणणं नाही. ती कशी ओळखायची तेही पुढे सांगते. पण ६८ चे ५४ झाले, हे त्याचं कारण नव्हे.

टक्के बाजूला ठेवून मुलं मोजू या. गेल्या वर्षी सतरा, यंदा चौदा. फरक तीन मुलांचा. तुमच्या यजमानांना ज्या आकड्यात शाळा बुडालेली दिसली, त्यात एवढीच तीन मुलं आहेत. चाचणीच्या दिवशी तापाने फणफणलेला एक, वर्षाच्या मधेच दुसऱ्या माध्यमातून आलेली एक आणि घरी आजारपण असल्याने महिनाभर शाळेत न आलेला एक. अशी तीन मुलं प्रत्येक वर्गात असतात. पंचवीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे चार टक्के, हे डोक्यात ठेवलं की असे आकडे वाचताना धडकी भरत नाही.

जरा पुढे जाऊन बघा. समजा एखाद्या शाळेचं शिकवणं वर्षानुवर्षं तसूभरही बदललं नाही आणि तिथे सरासरी शंभरातली साठ मुलं 'अपेक्षित पातळी'च्या रेषेच्या वर जातात. तरीही पंचवीस-पंचवीस मुलांच्या तुकड्या येत राहिल्या, तर हा आकडा निव्वळ योगायोगाने दहा टक्के वर, दहा टक्के खाली हेलकावत राहतो. साधारण तीन वर्षांतून एकदा तर तो त्याहूनही जास्त हलतो. शंभर मुलांची तुकडी असेल तर हेलकावा निम्मा होतो. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या शाळांचे निकाल या नजरेने तपासले. यादीच्या अगदी वरच्या टोकाला लहान शाळांची गर्दी होती, आणि अगदी तळालाही लहान शाळांचीच. वरची गर्दी बघून लहान शाळा उत्तम म्हणायच्या, की तळाची बघून वाईट? खरं तर दोन्ही नाही. लहान गटाची सरासरी जागेवर थांबत नाही, एवढंच त्यातून कळतं. तुमच्या शाळेचा निकाल पुढच्या वर्षी बहुधा पुन्हा वर येईल, आणि तेव्हा सरावपत्रिकांमुळे आला असं सगळे म्हणतील. तेव्हा तुम्हाला हे पत्र आठवावं अशी माझी इच्छा आहे.

शिवाय ही तीच मुलं नाहीत. गेल्या वर्षीची पाचवी आता सहावीत गेली. एका तुकडीची दुसरीशी तुलना करून शाळा घसरली म्हणणं म्हणजे थोरल्या भावाच्या उंचीवरून धाकट्याची वाढ खुंटली म्हणण्यासारखं आहे. वाढ बघायची तर त्याच मुलांची बघायला हवी: यंदाची पाचवी चौथीत कुठे होती आणि आता कुठे आहे? हा आकडा कुणी तुमच्यासमोर ठेवलेला नाही. सभेत तो मागा.

आता दुसरं वाक्य. यंदा चाचणी नवीन आहे. ताई, हे "म्हणे" असं सोडून देण्यासारखं नाही. डॅनिएल कोरेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या विभागातल्या शाळांचा अभ्यास मांडला. तिथे वर्षानुवर्षं एकच चाचणी वापरात होती आणि निकाल छान होते. चाचणी बदलली आणि तिसरीच्या मुलांचे गणिताचे गुण पहिल्याच वर्षी सुमारे अर्ध्या इयत्तेने खाली आले. पुढच्या तीन-चार वर्षांत ते हळूहळू पुन्हा जुन्या उंचीवर गेले. मग संशोधकांनी तीच जुनी, टाकून दिलेली चाचणी मुलांना पुन्हा दिली. तिच्यावर मात्र मुलं आता मागे पडली! म्हणजे मुलांचं गणित ना घसरलं होतं ना सुधारलं होतं. शाळा एका चाचणीला सरावली होती, मग दुसरीला सरावली. चाचणी बदलली की पहिल्या वर्षी गुण पडतात, हे इतकं नेहमीचं आहे की मुख्याध्यापकांनी ते निकालाबरोबरच पालकांना सांगायला हवं होतं. तुमच्या गावच्या सगळ्याच शाळांचे आकडे यंदा खाली आले आहेत का, ते एकदा बघून घ्या. बहुतेक आले असतील.

मुलीच्या ६२ बद्दल. ते बासष्ट गुण नव्हेत. ज्या मुलांशी तुलना केली त्यांतल्या शंभरांपैकी बासष्टांच्या ती पुढे आहे, असा त्याचा अर्थ. तिने गेल्या वर्षीपेक्षा कमी येतं असं दाखवलं, असं त्यातून मुळीच निघत नाही. मधल्या पट्ट्यात मुलांची दाटी असते, सगळी खांद्याला खांदा लावून उभी. त्यामुळे चाळीसेक प्रश्नांच्या पत्रिकेत दोन-तीन उत्तरं इकडची तिकडे झाली तरी नऊ-दहा पर्सेंटाइलचा फरक पडू शकतो. एका पानावर दोन प्रश्न घाईत सुटले, एवढ्यानेही. चांगल्यातल्या चांगल्या प्रमाणित चाचणीतही मोजण्यातली चूक असते आणि ती किती असू शकते, हे चाचणी तयार करणारे स्वतःच लिहून ठेवतात. निकालपत्रावर कधी कधी गुणाशेजारी एक पट्टी किंवा "पासून-पर्यंत" असे दोन आकडे छापलेले असतात. ते आहेत का बघा. ७१ आणि ६२ या दोघांच्या पट्ट्या एकमेकींवर पडत असतील, तर बदल झाला असं म्हणायला आधार नाही.

पोटदुखीबद्दल मला जास्त काळजी वाटते. ती निकाल घसरल्यामुळे नाही, घरातल्या आणि शाळेतल्या हवेमुळे आहे असं मला वाटतं. तिच्यादेखत निकालावर बोलणं आजपासून थांबवा, यजमानांनाही सांगा. दहा वर्षांच्या मुलीला "शाळा बुडाली" हे वाक्य "मी बुडवली" असं ऐकू येतं. आठवड्याभरात दुखणं थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, मनाचंच आहे असं धरून चालू नका.

आता ज्यावर तुम्ही सभेत खरोखर भांडायला हवं, ते. वाचनालयाचे तास.

इथे मी माझं सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. शिक्षिका म्हणून माझी सुरुवातीची वर्षं होती, चाचणी तोंडावर होती, आणि शाब्दिक उदाहरणांत माझ्या वर्गाची दाणादाण उडत होती. मी मुलांना युक्ती शिकवली: "एकूण" दिसलं की बेरीज, "उरले" दिसलं की वजाबाकी, "प्रत्येकी" दिसलं की गुणाकार नाहीतर भागाकार. दोन महिने तेच घोटून घेतलं. निकाल उत्तम लागला, माझं कौतुक झालं. पुढच्या वर्षी ती मुलं ज्या बाईंकडे गेली, त्यांनी फळ्यावर एक उदाहरण लिहिलं: "एका मुलाच्या पाच गोट्या हरवल्या. आता त्याच्याकडे बारा उरल्या. आधी किती होत्या?" जवळजवळ अख्ख्या वर्गाने सात लिहिलं. बाईंनी मला बोलावून वह्या दाखवल्या. पानामागून पान, सात, सात, सात. त्यांतल्या एकाही मुलाने गोष्ट वाचली नव्हती. "उरल्या" हा शब्द तेवढा वाचला होता. बारा उरलेल्या असताना आधी सात कशा असतील, हे कुणाच्या मनातही आलं नाही. वाचून समजून घ्यायची सवयच मी दोन महिन्यांत मोडून टाकली होती. त्या वह्या अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

सरावपत्रिका थोड्या असाव्यात. उत्तर कुठे नोंदवायचं, वेळ कसा वाटायचा, अडलेला प्रश्न सोडून पुढे कसं जायचं, हे मुलांना माहीत असायला हवं. त्याला दोन-चार तास पुरतात. वर्षभराचे वाचनाचे तास त्यावर ओवाळून टाकले तर वाचनाचाच निकाल खाली येईल, कारण उतारा समजतो तो त्या विषयाची माहिती असली म्हणजे. १९८८ मध्ये डोना रेच्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि काय घडलं ते लाकडी खेळणी मांडून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची ठरलेली पण खेळाची माहिती असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. "उताऱ्याचा मुख्य मुद्दा शोधा" हे कौशल्य शंभर वेळा घोटलं तरी उतारा गांडुळांवर असेल आणि मुलाला गांडुळाबद्दल काहीच माहीत नसेल, तर ते कोरडंच राहतं. गांडूळ कळतं प्रयोगाच्या तासाला, पुस्तकांच्या कपाटासमोर उकिडवं बसून चित्रं बघताना. शाळेने नेमके तेच तास काढले आहेत. हे मुख्याध्यापकांना निकालाच्याच भाषेत सांगा. मुलांचा आनंद वगैरे मुद्दा खरा असला तरी आत्ता ते दडपणाखाली आहेत, तो ऐकू जाणार नाही.

ते दडपण तुम्हीही समजून घ्या. सामाजिक शास्त्रांतल्या मोजमापाचा अभ्यास केलेले डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७६ मध्येच लिहून ठेवलं होतं की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय टेकवाल, तितका तो आकडा भ्रष्ट होत जातो आणि ज्या कामासाठी तो मोजायचा ते कामही बिघडवतो. शाळेच्या चाचण्यांचं उदाहरण त्यांनी स्वतःच दिलं होतं. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात हे किती टोकाला गेलं ते २०११ च्या सरकारी चौकशीत बाहेर आलं: ४४ शाळांमध्ये गैरप्रकार, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावं, मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून बरोबर उत्तरं भरलेली. २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले. नुकसान झालं ते मुलांचं. निकालपत्रावर सगळं उत्तम होतं, मग त्यांना मदत लागते आहे हे कुणाला कळणार? सभेत सगळे पालक मिळून "आकडा वर आणा" म्हणून ओरडले, तर शाळा आकडाच वर आणेल. मुलांना काय येत नाही आणि त्याचं काय करताय, हे विचारलं तर शाळा तिकडे बघेल. म्हणून प्रश्न कोणता विचारता याला महत्त्व आहे.

त्या आठ मुलांच्या जादा वर्गाचंही तसंच आहे. रेषेच्या जरा खाली असलेली मुलं वर ढकलली की टक्केवारी झटकन वाढते, म्हणून अशी मुलं निवडली जातात. तुमची मुलगी बहुधा रेषेच्या वर आहे म्हणून त्यात नाही, तिची काळजी नको. पण बारा मुलं खाली राहिली आणि वर्ग आठांसाठी आहे. उरलेली चार? शिकागोच्या शाळांमध्ये डेरेक नील आणि डायान शान्झेनबाख यांनी हेच पाहिलं आणि २०१० मध्ये मांडलं: रेषेला मान दिला की मधल्या मुलांचे गुण वाढतात, सगळ्यात मागे असलेल्यांना काहीच मिळत नाही. त्या चार मुलांचे आईवडील कदाचित सभेला येणारही नाहीत. त्यांच्याबद्दल तुम्हीच विचारा. हे मी आग्रहाने सांगते आहे.

शाळांच्या सरासरीवर शेजाऱ्यांनी मुलं काढली, त्याबद्दलही थोडं. १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या अहवालाने सुमारे सहा लाख अमेरिकी विद्यार्थ्यांची माहिती तपासून दाखवलं की मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी कितीतरी जास्त जोडलेला असतो. त्यानंतर अनेकांनी अनेक देशांत तेच पाहिलं. शाळेने काहीच फरक पडत नाही, असा त्याचा अर्थ लावणं चूक आहे. चांगला शिक्षक मुलाचं वर्ष बदलतो, हे मी पाहिलं आहे. पण शाळेची सरासरी ही बरीचशी त्या शाळेत कुणाची मुलं येतात याची नोंद असते. ज्या शाळेचा आकडा मोठा आहे, ती जास्त शिकवते असं त्यातून ठरत नाही. दोन घरं गेली म्हणून तुमची मुलगी कमी शिकणार नाही.

सभेआधी एक काम करा. मुख्याध्यापकांकडे जा आणि प्रश्नवार निकाल मागा: कोणत्या प्रश्नावर वर्ग अडकला, कोणतं चुकीचं उत्तर जास्त मुलांनी दिलं. जमलं तर मुलीच्या उत्तरपत्रिकेची प्रत घ्या. सगळा खजिना चुकीच्या उत्तरांत असतो. एक उदाहरण देते. ५०३ वजा २७६. एका मुलाने उत्तर लिहिलं ३७३. धांदरट म्हणून त्याला सोडून दिलं होतं, कारण दहा वजाबाक्यांतल्या पाच त्याच्या बरोबर असायच्या. शेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं, तो अजिबात धांदरट नव्हता. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता, कुठला वर आहे ते न बघता. सहातून तीन गेले तीन, सातातून शून्य गेलं सात, पाचातून दोन गेले तीन. जिथे वरचे अंक मोठे, ती वजाबाकी बरोबर, बाकीच्या हमखास चूक. निकालपत्रावर तो "५० टक्के" होता. प्रत्यक्षात त्याला एकच गोष्ट समजली नव्हती, दशक सुटा करणं. काड्यांचे गठ्ठे आणून एक गठ्ठा त्याच्यासमोर सोडला, त्यातून एकक काढायला लावले, आणि दोन दुपारींत ते बसलं. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा ठरलेल्या चुकांची मोठी यादीच केली, आणि ही चूक त्यात आहे. पन्नास सरावपत्रिकांनी ती जात नाही. मूल पन्नास वेळा तीच चूक पक्की करतं.

घरी सरावपत्रिका आणू नका. काही करायचंच असेल तर रात्री पुस्तक मिटून तिला आज काय वाचलं ते सांगायला लावा, आणि ऐका. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून सांगण्याने आठवड्यानंतरही जास्त लक्षात राहतं, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलं. दहा मिनिटं पुरे. मग झोप.

शाळा कधी बदलायची? प्रश्नवार निकाल मागितल्यावर शाळा तो बघायचीच टाळत असेल. वर्गशिक्षिकेला तुमच्या मुलीला नेमकं काय अडतं हे सांगता येत नसेल. त्याच मुलांचा सलग दोन-तीन वर्षांचा आलेख सपाट असेल आणि त्याचं कुणालाच काही वाटत नसेल. मुलांना शाळेत मारलं किंवा घालून पाडून बोललं जात असेल, तर एक दिवसही थांबू नका. आणि वाचनाचे तास वर्षभर बंदच राहणार असतील, तुम्ही दोनदा-तीनदा जाऊन बोलल्यावरही, तर मीही तुमच्याबरोबर दुसरी शाळा बघायला तयार होईन. तेव्हासुद्धा निकालाची यादी घेऊन निघू नका. वर्ग चालू असताना मागच्या बाकावर अर्धा तास बसू देतात का ते विचारा, आणि मूल चुकल्यावर बाई काय करतात एवढंच बघा.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. त्यांचा राग मुलीच्या काळजीतूनच आलेला आहे, सभेला त्यांनाही घेऊन जा. सतरा आणि चौदा हे आकडे कागदावर मोठे लिहून न्या. उत्तरपत्रिका मिळाली तर मला चुकलेले प्रश्न आणि तिने लिहिलेली उत्तरं जशीच्या तशी उतरवून पाठवा, तिची खाडाखोडही दाखवून.